ध्वनी बफर (एम्युलेटरमधील)

एम्युलेटरने (जुन्या गेम-यंत्राची नक्कल करून त्याचे गेम फोनवर किंवा संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्रॅमने) तयार केलेला आवाज स्पीकरकडे जाण्याआधी मेमरीत जिथे क्षणभर साठतो, ती राखीव जागा म्हणजे ध्वनी बफर. त्याचे माप सॅम्पलमध्ये (म्हणजे आवाजाच्या एकेका क्षणाच्या नोंदींत) किंवा मिलिसेकंदांत देतात. सेकंदाला ४८,००० सॅम्पल या दराने ५१२ सॅम्पलच्या बफरमध्ये सुमारे १०.७ मिलिसेकंदांचा आवाज मावतो, २,०४८ च्या बफरमध्ये ४२.७ मिलिसेकंदांचा.

स्पीकरला सॅम्पल अखंड, ठरल्या वेगाने लागतात. एम्युलेटर मात्र एकेका फ्रेमचे (पडद्यावरच्या एका चित्राचे) काम उरकून ते हप्त्याहप्त्याने पुरवतो. एखादी फ्रेम रेंगाळली आणि तेवढ्यात साठा संपला की आवाज फाटतो, खरखरतो. बेळगावकरांना हे शहराला पाणी पुरवणाऱ्या राकसकोप जलाशयावरून चटकन उमगेल : नळ उशिरा आला तरी गच्चीवरची टाकी वेळ निभावून नेते, पण खर्चच आवकेहून जास्त असेल, तर टाकी कितीही मोठी घ्या, ती कोरडी पडणारच. बफर वाढवला की गेम वेगाने चालतो, हा समज म्हणूनच चुकीचा आहे. सेकंदाला ६० ऐवजी ५० फ्रेमच काढणाऱ्या फोनचा आवाज बफर वाढवून सुधारत नाही. तिथे रेझोल्यूशन उतरवावे, शेडर (चित्रावर चढवलेले दृश्य परिणाम) बंद करावेत. फोन तापून किंवा बॅटरी सेव्हरमुळे प्रोसेसर मंदावला असेल, तर आधी तेच पाहावे.

मोठ्या बफरची किंमत उशिराने मोजावी लागते. १०० मिलिसेकंद म्हणजे सहा फ्रेम : उडी दिसते आधी, आवाज येतो मागून.

ऑडिओ सिंक चालू असताना बफर भरला की एम्युलेटर थांबून राहतो, म्हणजे खेळाचा वेग आवाजच ठरवतो. त्यातून एक पेच उद्भवतो. एनईएस या निन्टेंडोच्या जुन्या गेम-यंत्राचा एनटीएससी (अमेरिकी टीव्ही पद्धतीचा) संच सेकंदाला सुमारे ६०.१ फ्रेम देतो, फोनचा पडदा मात्र ६० दाखवतो; आवाजाच्या वेगाने चालावे तर चित्र अडखळते, पडद्याच्या वेगाने चालावे तर आवाजाचा साठा संपत जातो. रेट्रोआर्क हा एम्युलेटर चालवणारा प्रोग्रॅम यासाठी ध्वनिदर ०.५ टक्क्यापर्यंत कमी-जास्त करतो. इतका फरक कानाला कळत नाही.

खानापूर-निपाणीकडे मराठी वा कन्नड माध्यमात शिकणाऱ्या मुलापुढे ही सेटिंग इंग्रजीत येते. त्याला नुसता आकडा सांगणे पुरेसे नाही, कारण एका फोनवरचा आकडा दुसऱ्यावर चालेलच असे नाही. पद्धत सांगावी : ५१२ पासून सुरुवात करावी, गेममधला सर्वांत जड प्रसंग चालवून पाहावा, खरखर थांबेपर्यंत माप दुप्पट करत जावे. ही चाचणी वायरच्या इअरफोनवरच घ्यावी. ब्लूटूथचा स्वतःचा उशीर बहुधा १०० मिलिसेकंदांहून अधिक असतो आणि एम्युलेटरचा बफर घटवून तो कमी होत नाही.