रात्रीच्या फोटोत रवा कुठून सांडतो?

परवा खडेबाजारात भाच्याबरोबर मोबाईल बघायला गेलो होतो. दुकानातला पोरगा म्हणाला, "108 मेगापिक्सेल हाय ओ काका, रात्रीचा फोटो पण दिवसासारखा येतो." भाचा खूश. मी गप्प, कारण कॅमेऱ्याबद्दल असल्याच समजुती घेऊन मी पण बरेच दिवस काढलेत.

माझा पहिला डिजिटल कॅमेरा सेकंडहँड निकॉन डी40, 2006 साली आलेलं मॉडेल, फक्त 6 मेगापिक्सेल. वैशाखात आमच्या बेळगावात शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक असते, रात्रभर चालते, तर रामदेव गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलो, अंधार म्हणून आयएसओ (फोटो उजळ करायची कॅमेऱ्यातली सेटिंग) सरळ 1600 वर नेला आणि दोनेकशे फोटो मारले. घरी कॉम्प्युटरवर बघतो तर मावळा झालेल्या पोराच्या गालावर नुसता रवा सांडलेला, त्यात हिरवे-तांबडे ठिपके. बायको म्हणाली, "असलं काय दिसूलालंय ओ, गोवर आल्यासारखं?" मी सगळं खापर कॅमेऱ्यावर फोडलं.

नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं की त्यातले बरेचसे दाणे प्रकाशाचेच असतात, कॅमेरा बिचारा मोजून दाखवतो एवढंच.

प्रकाश फोटॉनच्या रूपात सुटा सुटा येतो हे शाळेत झालंय. सेन्सरवर, म्हणजे लेन्समागच्या प्रकाश टिपणाऱ्या चिपवर, लाखो बारीक खळगे असतात, तेच पिक्सेल. फोटॉन सिलिकॉनमध्ये शिरला की एक इलेक्ट्रॉन मोकळा होतो, शटर उघडं असेपर्यंत ते साठतात, मग मोजणी.

आता खानापूरकडचा पाऊस डोळ्यासमोर आणा. भुरभुर सुरू झाली की अंगणात सारख्या शंभर वाट्या मांडा आणि दोन मिनिटांनी झाका. सरासरी प्रत्येकीत 100 थेंब पडले असं धरू, पण एकीत 92 असतील, शेजारच्या वाटीत 111. पाऊस सगळ्यांवर सारखाच होता, वाटीची पण काही चूक नाही, थेंब सुटे पडतात म्हणून हे होणारच. आणि हा फरक साधारण किती असावा याचा नियम आहे: सरासरीचं वर्गमूळ. 100 थेंबांना 10, म्हणजे 10 टक्के. तेच मुसळधार पावसात 10,000 थेंब पडले तर फरक 100, म्हणजे फक्त 1 टक्का. आणि जेमतेम 4 थेंब पडले तर 2, म्हणजे निम्म्याचीच गडबड! (गणितवाले याला पॉयसाँ वितरण म्हणतात, वर्गमूळ तिथूनच निघतं.) मावळ्याचा गाल म्हणजे ती भुरभुर पावसातली वाटी.

मग आयएसओ काय करतो? मला वाटायचं वाढवला की सेन्सर जास्त प्रकाश पितो. तसं काही नाही. जमलेला सिग्नल तो फक्त मोठा करतो, मंडळाचा कर्णा वाढवल्यासारखा, भजन मोठं होतं तशी खरखर पण मोठी होते.

रंगीत ठिपक्यांचं श्रेय कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांच्या जाळीला, पेटंट 1976 चं. पिक्सेलला रंग कळत नाही, म्हणून प्रत्येकावर एकेक रंगाची काच: चारात दोन हिरव्या, एक तांबडी, एक निळी. उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरायचे. शेजाऱ्याचीच मोजणी चुकली की तुमच्या गालावर हिरवा डाग.

आता ते 108. असल्या काही फोनमध्ये एक पिक्सेल 0.8 मायक्रॉनचा असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), माझ्या जुन्या डी40 चा जवळपास 7.8 चा. क्षेत्रफळ काढा, पंचाण्णव पट! नवे सेन्सर फोटॉन चांगले पकडतात म्हणून प्रत्यक्षात फरक एवढा राहत नाही, पण वाटी ती वाटीच आणि घागर ती घागरच. म्हणून फोन गुपचूप नऊ-नऊ पिक्सेल एकत्र करतो, 108 भागिले 9, राहिले 12. जाहिरातीत हा भागाकार कोण लिहील?

आणि एक, येळ्ळूरच्या राजहंसगडावर धुक्यात फ्लॅश मारून काढलेला फोटो व्हॉट्सॲपवर फिरतोय, पांढरे गोल दिसतात ते म्हणे आत्मे. अहो, लेन्सपुढचे पाण्याचे थेंब आहेत ते, फ्लॅशने उजळलेले आणि फोकसबाहेर गेलेले. धुळीत पण असंच होतं.

रव्यावर उपाय एकच, फोटॉन जास्त गोळा करा. फोनचा नाइट मोड भराभर बरेच फोटो घेऊन एकात एक मिसळतो. मी हेच हाताने करून बघितलं, परसात तुळशीपुढच्या दिव्याचे ट्रायपॉडवरून 16 फोटो, 1600 लाच, आणि कॉम्प्युटरवर सरासरी. 16 चं वर्गमूळ 4, रवा एक चतुर्थांश व्हायला हवा, आणि खरंच वृंदावनाच्या विटांचे सांधे मोजता येतील इतकं स्वच्छ आलं. फक्त नवव्या फोटोत मांजर येऊन बसलं होतं, ते सरासरीत एक सोळांश उरलंय, शेपटीसकट पारदर्शक. तो फोटो मी राजहंसगडवाल्या ग्रुपवर टाकलाय, खाली काहीच न लिहिता.