धावपट्टी झाली, आता माल कोणता? सोलापूरच्या एअर कार्गोची पार्श्वभूमी

९ जून २०२५ रोजी होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याचं विमान उडालं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईचंही सुरू झालं. त्यासाठी किती वर्षं वाट पाहिली, हे सोलापूरकराला सांगायला नको. विमानांच्या वाटेत येणारी, सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मितीची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडली गेली. तोवर विमानाचा कुठलाही विषय निघाला की तो त्या चिमणीपाशीच येऊन अडायचा. आता पुढचा प्रश्न विचारला जातो: माणसं उडाली, माल कधी उडणार? ‘कार्गो हब’, म्हणजे माल गोळा करून पुढे पाठवणारं केंद्र, हे शब्द त्यातूनच आपल्या बोलण्यात आले. पण जगात असे हब कशामुळे उभे राहिले, हे आधी नीट पाहायला हवं.

विमानातून पहिल्यांदा व्यापारी माल गेला, तो कापडाचा. ७ नोव्हेंबर १९१० रोजी अमेरिकेत डेटनहून कोलंबसला राइट बंधूंच्या विमानातून रेशमी कापड पोचवलं गेलं. कापडाच्या गावात ही गोष्ट शाळेतल्या मुलांनाही माहीत असावी, असं मला वाटतं. पुढच्याच वर्षी, १८ फेब्रुवारी १९११ रोजी, अलाहाबादहून नैनीला विमानानं टपाल गेलं. आणि डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा विमानांचा कारखाना काढणारे वालचंद हिराचंद याच सोलापुरात जन्मले होते. माणूस आपला, पण कारखाना म्हैसूर संस्थानात. कारण जागा आणि पाठबळ त्या संस्थानानं दिलं. हब कुठे होतो आणि कुठे होत नाही, याचा निम्मा इतिहास या एका गोष्टीत आहे.

उरलेला निम्मा आयर्लंडच्या शॅननमध्ये सापडतो. युरोपातून अमेरिकेला निघालेली विमानं अटलांटिक ओलांडण्याआधी तिथे इंधन भरायला उतरत. जेट विमानं आली आणि थांबायची गरजच संपली. विमानतळ ओस पडायची वेळ आली, तेव्हा १९५९ मध्ये तिथल्या लोकांनी धावपट्टीला लागूनच करमुक्त औद्योगिक क्षेत्र काढलं. कच्चा माल आणा, तयार माल पाठवा, जकात नाही. विमानं थांबावीत म्हणून कारखाने आणले गेले. आपल्या देशानं १९६५ मध्ये कांडलाला बंदराजवळ असं निर्यातक्षेत्र काढलं. १९७३ मध्ये मुंबईत सीप्झ हे तसंच निर्यातक्षेत्र झालं, विमानतळापासून हाकेच्या अंतरावर. तिथून इलेक्ट्रॉनिक्सचा आणि पुढे हिऱ्या-दागिन्यांचा माल जाऊ लागला. वजनाला हलका, किमतीला भारी.

१९८० मध्ये शॅननला शिकायला आलेल्या चिनी अधिकाऱ्यांत ज्यांग झमिन होते, जे पुढे चीनचे राष्ट्राध्यक्ष झाले. त्याच चीनमधलं झेंगझोऊ सोलापूरसारखंच समुद्रापासून दूर. २०१० मध्ये तिथे मोबाइल जोडणारा प्रचंड कारखाना आला आणि विमानतळाजवळ बंधित क्षेत्र, म्हणजे जकात न भरता माल ठेवता येईल अशी जागा, तयार झालं. विमानतळाला आर्थिक क्षेत्राचा दर्जा मिळाला २०१३ मध्ये. आधी भाडं परवडणारा माल आला, मग मालवाहू विमानं आली. केनियाची गुलाबाची फुलं हे दुसरं उदाहरण. ती नैरोबीहून रोज युरोपला जातात. पण एप्रिल २०१० मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीची राख पसरली आणि काही दिवस युरोपातली उड्डाणं थांबली, तेव्हा फुलं तिथेच टाकून द्यावी लागली होती. सगळा व्यवसाय एकाच मार्गावर टांगला की असं होतं.

घरचं उदाहरण नागपूरचं. २००२ मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली आणि मिहानचं स्वप्न मांडलं गेलं: देशाच्या मधोमध आंतरराष्ट्रीय मालवाहतुकीचं केंद्र. आज तिथे आयटी कंपन्या आहेत, विमानदुरुस्तीचं केंद्र आहे, विमानाचे सुटे भाग बनतात. पण जो माल मध्ये उतरवून पुढे पाठवायचा होता, तो ठरल्याप्रमाणे आला नाही. नकाशावर मधोमध असणं पुरेसं नसतं.

सोलापूरला हा धडा नवा नाही. १८६० मध्ये इथे रेल्वे आली आणि पुढच्या वीसेक वर्षांत जुनी मिल उभी राहिली. कापूस जवळ होता, कसबी विणकर होते. रेल्वेनं त्यांच्या मालाला वाट दिली.

मग आज वाट कुठल्या मालाला हवी? जगाच्या व्यापारात विमानानं जाणारा माल वजनानं एक टक्क्याहून कमी आणि किमतीनं साधारण ३५ टक्के असतो. हे माप लावलं की चादर आणि टॉवेल गळतात. आपली ओळख असलेला हा माल वजनदार आहे, त्याला जहाजच परवडतं. गणवेशांचंही बहुतांशी तेच. उलट चिंचोळीत आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जे होतं ते पाहा. कॅमशाफ्टचे नमुने, यंत्रांचे तातडीचे सुटे भाग, औषधांची रसायनं. हा माल खोकी मोजून जातो आणि त्याला उशीर परवडत नाही.

डाळिंबाचं गणित मधलं आहे. सांगोला, पंढरपूर भागातल्या पॅकहाउसमध्ये एकदा उभं राहून पाहा. भगवा जातीचं प्रत्येक फळ हातात घेऊन देठ कात्रीनं बारीक कापायचा, तुऱ्यातला कचरा हवेच्या झोतानं उडवायचा, मग प्रतवारी करून पेटीत बसवायचं. अमेरिकेला जाणारी पेटी जेमतेम तीन किलोची. २०२३ मध्ये असं डाळिंब अमेरिकेला विमानानं गेलं. २०२५ मध्ये समुद्रमार्गे कंटेनरही पोचला, पाचेक आठवड्यांत आणि कितीतरी कमी भाड्यात. विमान बाजार उघडतं आणि जहाज तो चालवतं. देशातल्या बाजारासाठी तर २८ डिसेंबर २०२० रोजी सांगोल्याहून कोलकात्याजवळच्या शालिमारला शंभरावी किसान रेल सुटली. त्या वेळी फळं-भाजीच्या वाहतुकीला ५० टक्के अनुदान होतं, म्हणून ती परवडली.

म्हणून मला हबपेक्षा पुरवठा-तळ, म्हणजे इथला माल मोठ्या विमानतळांकडे पाठवणारी जागा, हा शब्द योग्य वाटतो. बोरामणीला मोठ्या विमानतळासाठी शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या. पण वनजमिनीचा आणि माळढोक पक्ष्याचा प्रश्न तिथे आडवा आहे. तो सुटेपर्यंत होटगी रोडवर एटीआरसारखी छोटी विमानं उतरतात आणि त्यांच्या पोटात प्रवाशांच्या बॅगांसोबत थोडाच माल मावतो. पण तेवढ्यासाठीही शीतगृह, तपासणीची जागा आणि सीमाशुल्काचा अधिकारी इथे हवा. आमदार-खासदारांकडे मागायचं असेल तर आधी हे मागावं. ते नाही, म्हणून अमेरिकेची ती तीन किलोची पेटी आजही रात्री ट्रकमध्ये चढते. टेंभुर्णी, इंदापूर, पुणे असं करत ती फळांवर किरणांची प्रक्रिया करून कीड मारणाऱ्या वाशीच्या विकिरण केंद्रात पोचते आणि तिचे सगळे कागद मुंबईतच होतात.