वृक्षपरजीवी सूत्रकृमींची रोगकारक प्रथिने

झाडाच्या मुळात किंवा खोडात शिरून जगणारे सूत्रकृमी, म्हणजे निमॅटोड हे धाग्यासारखे बारीक कृमी, जी प्रथिने सोडून झाडाला आजारी पाडतात, ती त्यांची रोगकारक प्रथिने. प्रयोगशाळेत त्यांना ‘इफेक्टर’ म्हणतात. डाळिंबाच्या बागेत ‘निमॅटोड किती आहेत?’ हा प्रश्न पहिला विचारला जातो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. एकाच जातीचे दोन वंश सारख्याच संख्येने सोडले, तरी एक झाडाचा बळी घेतो आणि दुसरा फारसा धक्काही लावत नाही. हा फरक बहुतांशी त्यांच्या लाळेत असतो.

नाशिक जिल्ह्यात सटाणा, मालेगाव, देवळा भागातल्या डाळिंबाला सूत्रकृमींपैकी मुख्य त्रास आहे तो मुळांवर गाठी करणाऱ्या मेलॉयडोगायनी इनकॉग्निटा या सूत्रकृमीचा. अंड्यातून निघालेले पिल्लू जेमतेम 0.4 मिलिमीटर लांब असते, डोळ्यांना दिसत नाही. तोंडात पोकळ सुई आणि घशाशी तीन ग्रंथी, एवढ्या भांडवलावर ते मुळाच्या टोकाजवळून आत घुसते. दोन ग्रंथी सुरुवातीला कामाला येतात. त्यांतून सेल्युलेज आणि पेक्टेट लायेज ही विकरे (एन्झाइम) निघतात व पेशीभित्तिका मऊ पडतात. प्राण्याच्या शरीरात तयार होणारे सेल्युलेज विकर ही मोठी नवलाची गोष्ट होती. 1998 मध्ये मुळांवर पुटी (अंड्यांनी भरलेले कवच) करणाऱ्या सूत्रकृमींत त्याची जनुके सापडली, आणि ती जिवाणूंकडून आलेली असावीत असा निष्कर्ष निघाला. दुसऱ्या जिवाचे जनुक उचलून आपले करणे या कुळाला चांगलेच साधले आहे.

तिसऱ्या ग्रंथीचे काम पिल्लू एका जागी स्थिरावल्यावर वाढते. तिच्या स्रावाने मुळातल्या पाच-सात पेशी फुगून राक्षसी होतात. पेशीचे विभाजन होत नाही, केंद्रके मात्र वाढत जातात. या पेशी म्हणजे मादीचे कायमचे ताट. इथून पुढे झाडाला गप्प बसवणेही आवश्यक असते. कॅल्रेटिक्युलिन हे स्रावी प्रथिन झाडाची संरक्षणव्यवस्था दाबते. कोरिस्मेट म्युटेज झाडाला सॅलिसिलिक आम्ल हे संरक्षण जागे करणारे द्रव्य बनवण्यासाठी लागणारा कच्चा माल दुसरीकडे वळवते, असे मानले जाते. 16डी10 नावाचा छोटा पेप्टाइड (प्रथिनाचा तुकडा) मुळाच्या वाढीवर ताबा ठेवणाऱ्या प्रथिनांना जाऊन चिकटतो. 2006 मध्ये ॲराबिडॉप्सिस या प्रयोगवनस्पतीला या पेप्टाइडचे जनुक बंद पाडणारा आरएनए तयार करायला लावले, तेव्हा गाठी करणाऱ्या चार मुख्य जातींना तिने बराच विरोध केला. एका प्रथिनावर सगळा संसार किती अवलंबून असतो, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा क्वचितच मिळेल.

झाड मारण्यात मात्र पाइनचा सूत्रकृमी, बर्साफेलेंकस झायलोफिलस, सर्वांच्या पुढे आहे. तो मूळचा उत्तर अमेरिकेचा. तिथले पाइन त्याला सरावलेले आहेत. जपानचे लाल आणि काळे पाइन नव्हते. तिथे झाडे वाळत होती ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून, पण कारण हा कृमी आहे हे 1971 मध्ये सिद्ध झाले. चीनमध्ये तो 1982 साली, पोर्तुगालमध्ये 1999 साली आढळला. भुंगेरे त्याला एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. त्याचे सेल्युलेज गाठीच्या सूत्रकृमीसारखे नाही. ते बुरशीकडून आलेले दिसते, आणि त्याच्या अनेक नातलगांचे खाणे बुरशीच आहे. 2013 मध्ये त्याच्या स्रावातली 1,515 प्रथिने ओळखण्यात आली. त्यांत काही झाडाच्याच प्रथिनांसारखी होती, जणू घरच्यांचे कपडे घालून शिरलेला चोर. झाड प्रतिकारासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड सोडते, तेव्हा तीव्र वंश त्यात तग धरतात आणि सौम्य वंश लवकर मरतात. कॅटालेजसारखी विकरे तीव्र वंशांना वाचवतात. झाड मरते ते मुख्यतः स्वतःच्या अतिरेकी प्रतिक्रियेने: पाणी वाहणाऱ्या नळ्यांत हवेचे बुडबुडे अडकतात आणि काही आठवड्यांत शेंडा लाल होतो.

डाळिंबाची गोष्ट वेगळी आहे. गाठीचा सूत्रकृमी यजमानाला मारू इच्छित नाही. मेलेल्या मुळावर त्याचे भागणार कसे? म्हणून नुसत्या सूत्रकृमीने बाग पिवळी पडते, फळ फुगत नाही, भरदुपारी झाड माना टाकते, पण उभे राहते. मर रोगाचे, म्हणजे झाड वाळवून मारण्याचे, काम पुढे सेराटोसिस्टिस ही बुरशी करते. सूत्रकृमींनी पोखरलेले मूळ तिच्यासाठी उघडे दार असते. ‘मर लागली’ म्हणून नुसते बुरशीनाशक ओतण्याआधी आळ्यातली चार मुळे उकरून पाहणे शहाणपणाचे, कारण गाठी हाताला लागतात. रोपवाटिकेच्या पिशवीतल्या मातीतून हा कृमी नव्या बागेत बिनबोभाट पोहोचतो.

भारतात गाठीच्या सूत्रकृमीची पहिली नोंद 1901 सालची, दक्षिणेतल्या देवाला या चहाच्या मळ्यातली. आपल्या देवळ्याशी नावाचे साम्य आहे इतकेच.

झाडाची बाजू सांगायची तर टोमॅटोतले एमआय जनुक या शत्रूला ओळखते आणि कृमी बसलेल्या जागेच्या पेशी स्वतःच मारून टाकते. हे जनुक रानटी टोमॅटोतून आले. जमिनीचे तापमान 28 अंशांच्या वर गेले की ते थंडावते, आणि नाशिकच्या उन्हाळ्यात माती त्याहून कितीतरी तापते. शिवाय मेलॉयडोगायनी इनकॉग्निटाची मादी नराशिवाय अंडी घालत असूनही, म्हणजे पिढ्यांत फारसा बदल अपेक्षित नसूनही, एमआयला जुमानत नाहीत असे वंश निपजले आहेत. द्राक्षात डॉगरिज खुंट आला तो क्षारपाण्यासाठी आणि दुष्काळासाठी. सूत्रकृमींना तोंड देण्याचा त्याचा गुण फुकटात मिळाला. नव्या डाळिंबाच्या ओळीत आंतरपीक म्हणून टोमॅटो किंवा वांगी लावणे म्हणजे कृमींना जेवण वाढणे. झेंडू लावावा, त्याच्या मुळांतले अल्फा-टरथायनिल हे द्रव्य सूत्रकृमींना मारते, आणि फुले दसऱ्याला बाजारात जातात.