फ्लोरिडात हिवाळी आरव्ही कॅम्पिंग: बुकिंग कुणाच्या नावाने करायचं, कागदपत्रं काय लागतात

मिशिगन, न्यू जर्सी, शिकागोकडच्या मराठी मंडळींचा डिसेंबर-जानेवारीत आरव्ही, म्हणजे झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी, भाड्याने घेऊन फ्लोरिडाला जायचा बेत हल्ली बराच ऐकू येतो, त्यात भारतातून आईबाबा आलेले असतील तर विचारायलाच नको. सगळे आधी गाडी कुठली, किचन केवढं, झोपायला जागा किती हे बघत बसतात. गाडी मिळते हो, अडतं ते पार्कात ती लावून मुक्काम करायच्या जागेवर, आणि जागा मिळणार की नाही, किती पैसे पडणार, गेटवर काय दाखवावं लागणार हे सगळं ठरतं तुमच्यापैकी कुणाच्या खिशात कुठलं आयडी आहे त्यावर. म्हणून पहिलं काम हे की ग्रुपमधे कोण फ्लोरिडाचं लायसन्स असलेलं आहे, कोण दुसऱ्या राज्याचं, कुणाकडे ग्रीन कार्ड आहे, कोण व्हिजिटर व्हिसावर आलंय याची यादी करा, आणि मगच अर्जाला हात लावा.

आधी हिवाळाच का ते थोडक्यात, कारण तारखा त्यावर ठरतात. दक्षिण फ्लोरिडात साधारण नोव्हेंबर ते एप्रिल कोरडा सीझन असतो. पाऊस थांबला की एव्हरग्लेड्सचं, म्हणजे तिथल्या अफाट दलदलीचं, पाणी ओसरत जातं, उरलेल्या खोलगट भागांत मासे दाटीवाटीने अडकतात आणि मग बगळे, करकोचे, अ‍ॅलिगेटर सगळे तिथेच गोळा होतात. उन्हाळ्यात हेच प्राणी पसरलेले असतात, वर डासांचा ताप वेगळा. मॅनटीचं म्हणजे आपल्याकडच्या समुद्रगायीच्या चुलत बहिणीचं गणित निराळं आहे, तिला साधारण २० अंश सेल्सियसच्या खालचं पाणी सोसत नाही, त्यामुळे थंडी पडली की ती नदीतून गरम झऱ्यांकडे येते. ऑरेंज सिटीजवळच्या ब्लू स्प्रिंग स्टेट पार्कमधे झऱ्याचं पाणी वर्षभर २२-२३ अंशांच्या आसपास असतं, आणि अलीकडच्या हिवाळ्यांत कडाक्याच्या थंडीच्या सकाळी तिथे सातशेच्या वर मॅनटी मोजल्या गेल्यात. मॅनटी बघायच्या असतील तर जानेवारी धरा. एव्हरग्लेड्सचे पक्षी बघायचे असतील तर फेब्रुवारी-मार्चही उत्तम, पाणी तेव्हा अजून कमी झालेलं असतं.

आता स्टेट पार्कचं, म्हणजे राज्य सरकारच्या पार्कांचं बुकिंग. फ्लोरिडाच्या रहिवाशांना ११ महिने आधी जागा बुक करता येते, बाकी सगळ्यांना १० महिने आधी, हा नियम २०२४ पासून लागू आहे. म्हणजे १५ जानेवारीला पोचायचं असेल तर फ्लोरिडावाल्यांसाठी बुकिंगची खिडकी आदल्या वर्षीच्या १५ फेब्रुवारीला उघडते आणि तुमच्याआमच्यासाठी १५ मार्चला. वेळ सकाळी ८, ईस्टर्न टाइम. कॅलिफोर्नियावाल्यांना पहाटे ५ ला उठावं लागतं, आणि पुण्यातला भाऊ मदतीला बसणार असेल तर त्याला सांगून ठेवा की १५ मार्चला तिकडे संध्याकाळचे साडेपाच असतील, कारण तोवर इकडे घड्याळं एक तास पुढे गेलेली असतात. ब्लू स्प्रिंग, मायाका रिव्हर, ऑस्कर शेरर अशा पार्कांच्या जानेवारीतल्या शनिवार-रविवारच्या जागा फार पटकन जातात, त्यामुळे खातं आदल्या दिवशीच उघडून, कार्डाची माहिती भरून, गाडीची लांबी टाकून तयार राहा.

रहिवासी म्हणजे कोण, यावर लोकांचा फार गोंधळ होतो. इथे नागरिकत्वाचा संबंध नाही, बुकिंग करताना फ्लोरिडाच्या ड्रायव्हिंग लायसन्सचा किंवा स्टेट आयडीचा नंबर द्यावा लागतो, बस. म्हणजे टँपात एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर काम करणारी तुमची मावसबहीण, तिच्याकडे फ्लोरिडाचं लायसन्स असेल तर ती रहिवासीच, आणि तुम्ही ऑस्टिनमधले अमेरिकन नागरिक असलात तरी इथे बाहेरचे. ती बहीण खरंच तुमच्याबरोबर येऊन राहणार असेल तर बुकिंग तिच्या नावाने, तिच्या खात्यातून करा, एक महिना आधीची खिडकी मिळते आणि हिवाळ्यात तो एक महिना फार मोठा असतो. ती येणार नसेल तर तिच्या लायसन्सवर बुकिंग करू नका, चेक-इनला बुकिंग करणाऱ्याचं आयडी बघतात, आणि तेराशे मैल गाडी चालवत आल्यावर गेटवर हा विषय निघावा असं कुणालाच वाटणार नाही.

सवलतीचंही तसंच. ६५ वर्षं पूर्ण झालेल्या किंवा १०० टक्के अपंगत्व असलेल्या फ्लोरिडाच्या रहिवाशाला जागेच्या मूळ भाड्यात निम्मी सूट आहे. पुरावा म्हणून लायसन्स, आणि अपंगत्वासाठी त्याचं अधिकृत प्रमाणपत्र. नाशिकहून आलेले बाबा ७० चे असले तरी ही सूट त्यांना लागू नाही, वय पुरतं पण रहिवास नाही.

पैशांचा अंदाज घ्यायचा तर मूळ भाडं पार्काप्रमाणे रात्रीला १६ ते ४२ डॉलर, त्यावर आरव्हीला वीज-पाण्यासाठी रात्रीमागे ७ डॉलर, टॅक्स, आणि प्रत्येक बुकिंगला ६ डॉलर ७० सेंट, जे परत मिळत नाहीत. बुकिंग करणारा १८ वर्षांच्या वरचा हवा. एका जागेवर जास्तीत जास्त ८ माणसं, सलग मुक्काम जास्तीत जास्त १४ रात्री. रद्द केलं तर वेगळी फी कापतात, आणि पोचायच्या दिवशीच रद्द केलंत तर एका रात्रीचं भाडंही जातं, तेव्हा निर्णय दोन-तीन दिवस आधीच घेऊन टाका. याचीच दुसरी बाजू अशी की लोक आयत्या वेळी भरपूर रद्द करतात, त्यामुळे दहा महिन्यांपूर्वी नाही मिळालं म्हणून आशा सोडू नका, ट्रिपच्या आधीच्या पंधरा दिवसांत रोज सकाळ-संध्याकाळ साइट बघत राहा, त्याच दिवसाचं बुकिंगसुद्धा होतं.

जागा निवडताना फॉर्ममधे गाडीची लांबी खरी टाका, ड्रायव्हरच्या केबिनपासून मागच्या शिडीपर्यंत सगळी धरून. विजेचं कनेक्शन ३० अँपचं आहे की ५० चं, तेही बघून घ्या. पहिल्यांदाच आरव्ही चालवत असाल तर शक्यतो पुल-थ्रू जागा घ्या, गाडी सरळ आत घालून सरळ बाहेर काढता येते, बॅक-इनमधे अंधारात रिव्हर्स घेत बसायला लागत नाही.

चेक-इनला फोटो आयडी, बुकिंगचा मेल, गाडीचा नंबर, आणि सूट घेतली असेल तर तिचा पुरावा. कुत्रा असेल तर रेबीजच्या लसीचा कागद. बहुतेक पार्कांचं गेट सूर्यास्ताला बंद होतं आणि जानेवारीत सूर्य सहाच्या आतबाहेर मावळतो, म्हणून पोचायला उशीर होणार असेल तर दिवसाउजेडीच पार्कला फोन करून गेटचा कोड घेऊन ठेवा. रात्री ११ ते सकाळी ७ शांतता, तेव्हा अंताक्षरी अकराच्या आत आटपा.

आता नॅशनल पार्क, म्हणजे केंद्र सरकारची, आणि इथे नियम पूर्ण बदलतात. एव्हरग्लेड्सला एका गाडीचे ३५ डॉलर, सात दिवस चालतात, हे जुनंच. पण १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेचे रहिवासी नसलेल्या, १६ वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला वार्षिक पास नसेल तर वर १०० डॉलर लागतात, आणि ज्या ११ नॅशनल पार्कांना हे लागू आहे त्यात एव्हरग्लेड्स आहे. आईबाबा दोघं असतील तर नुसते दारातच २०० डॉलर जास्तीचे. रहिवाशांचा वार्षिक पास ८० डॉलरला आहे, बाहेरच्यांचा २५० ला, त्यामुळे आईबाबांना त्याच मुक्कामात ग्रँड कॅन्यन, झायन पण दाखवायचं असेल, ते दोन्हीही त्या अकरात आहेत, तर २५० च्या पासचा हिशोब नक्की करून बघा. रहिवासी असल्याचा पुरावा म्हणजे अमेरिकेतलं सरकारी फोटो आयडी, ते मोबाईलच्या फोटोत नको, मूळ कार्ड जवळ ठेवा.

सीनियर पासबद्दलही स्पष्ट सांगते. ६२ आणि त्यापुढच्यांना वर्षाला २० किंवा आयुष्यभराचा ८० डॉलरचा पास मिळतो आणि बऱ्याच सरकारी कॅम्पग्राउंडवर त्याने भाडं निम्मं होतं, पण तो फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांना. एच-१बी किंवा व्हिजिटर व्हिसावर तो मिळत नाही, लायसन्स कुठल्याही राज्याचं असलं तरी. घरात आजी-आजोबा ग्रीन कार्डवर असतील तर मात्र हा पास त्यांच्या नावाने काढा आणि नॅशनल पार्कातलं बुकिंगही त्यांच्याच नावाने करा, कारण सूट पासधारकाच्या जागेला मिळते आणि तो स्वतः हजर लागतो.

एव्हरग्लेड्समधे गाडी नेता येईल अशी दोन कॅम्पग्राउंड आहेत, लाँग पाइन की आणि अगदी टोकाला फ्लमिंगो. लाँग पाइन कीला वीज-पाण्याचं कनेक्शन नाही, आणि ते कॅम्पग्राउंड फक्त हिवाळी सीझनमधे चालू असतं, तर फ्लमिंगोला काही जागांवर वीज मिळते. या दोन्हीचं बुकिंग स्टेट पार्कच्या साइटवर शोधू नका, तिथे दिसणारच नाही. फ्लमिंगोच्या मरीनाजवळ अ‍ॅलिगेटर आणि क्रोकोडाइल दोन्ही दिसू शकतात, आणि जगात हे दोघं एकत्र नांदतात ते फक्त दक्षिण फ्लोरिडात. नाव फ्लमिंगो असलं तरी तिथे भिगवणसारखे थवेच्या थवे दिसतील अशी अपेक्षा ठेवून जाऊ नका, गुलाबी रंगाचा चमचा पक्षी (स्पूनबिल) दिसला तर तोच खूप आहे, आणि तो खरोखर सुंदर दिसतो. रॉयल पामजवळचा अ‍ॅन्हिंगा ट्रेल अजिबात चुकवू नका, आपला तिरंदाज पक्षी ज्या कुळातला तोच हा अ‍ॅन्हिंगा, पंख पसरून वाळवत हाताच्या अंतरावर बसलेला असतो, पायवाट सपाट आहे त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनाही जमते. तिथे पार्किंगमधे काळी गिधाडं गाड्यांचे वायपर आणि काचांभोवतीचं रबर ओरबाडतात, म्हणून पार्कने ताडपत्र्या ठेवलेल्या असतात, त्या घ्याच, भाड्याच्या आरव्हीचं रबर गेलं तर डिपॉझिट त्यात जाईल.

आणि ज्यांना प्रत्येकी १०० डॉलर द्यायचे नाहीत त्यांच्यासाठी माझा सल्ला, बिग सायप्रस नॅशनल प्रिझर्व्ह. एव्हरग्लेड्सला लागूनच आहे, प्रवेश फी नाही, त्या अकरांच्या यादीतही नाही. टामियामी ट्रेल म्हणजे यूएस ४१ वर ओएसिस व्हिजिटर सेंटरच्या बोर्डवॉकवरून हिवाळ्यात खाली पाण्यात पडलेले अ‍ॅलिगेटर आरामात दिसतात. मिडवे कॅम्पग्राउंडला आरव्हीसाठी विजेच्या जागा आहेत, बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी साइटवर. आईबाबांना घेऊन पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी दोन रात्री बिग सायप्रस, दोन रात्री मायाका, दोन रात्री ब्लू स्प्रिंग असं केलं तर पाहुण्यांसाठी वेगळी फी कुठेच लागत नाही, आणि प्राण्यांच्या बाबतीत काही कमी पडत नाही. ब्लू स्प्रिंगला तर आत मुक्काम असण्याचा फायदा फार मोठा, थंडीच्या सकाळी बाहेर गाड्यांची रांग लागते, पार्क भरलं की गेट बंद करतात, तुम्ही मात्र आधीच आत असता. फक्त १५ नोव्हेंबर ते ३१ मार्च झऱ्यात पोहणं, होडी घालणं बंद असतं हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

मायाकात आणखी एक छोटा परवाना लागतो, डीप होल नावाच्या जागेचा, जिथे कोरड्या दिवसांत अ‍ॅलिगेटरांची प्रचंड गर्दी असते. दिवसाला फक्त ३० जणांना सोडतात, आधी बुकिंग नाही, सकाळी ८ ला रेंजर स्टेशनवर जो आधी येईल त्याला. येऊन-जाऊन चांगली चाल आहे आणि सावली नाही, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना नेऊ नका.

गाडी चालवायला भारतातून आलेला भाऊ किंवा मेव्हणा असेल तर त्याच्यासाठी इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट निघण्याआधीच काढून आणायला सांगा. परिवहनच्या सारथी पोर्टलवर अर्ज, फॉर्म ४ए, सोबत लायसन्स, पासपोर्ट, फोटो, फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष. मेडिकल सर्टिफिकेट आणि व्हिसाची अट २०२१ मधे काढून टाकली आहे. परमिट एकटं चालत नाही, मूळ भारतीय लायसन्स बरोबर लागतंच. भाड्याने मिळणारी आरव्ही साध्या लायसन्सवर चालवता येते, पण वयाची अट कंपनीप्रमाणे २१ किंवा २५, आणि चालवणार त्या प्रत्येकाचं नाव करारात हवं, नाहीतर इन्शुरन्स लागू होणार नाही.

शेवटची गोष्ट दंडाची. फ्लोरिडात अ‍ॅलिगेटरला खायला घालणं गुन्हा आहे, मॅनटीला हात लावणं, तिचा पाठलाग करणं गुन्हा आहे, आणि ड्रोन नॅशनल पार्कात चालत नाही, स्टेट पार्कातही नाही. अ‍ॅलिगेटरपासून किमान १५ फूट लांब राहायचं, तो दगडासारखा निश्चल पडलेला असला तरी. जळाऊ लाकूड उत्तरेकडून गाडीत भरून आणू नका, त्यातून किडी पसरतात, ते तिथेच पार्कच्या आसपास विकत घ्या.