दाढा येईपर्यंत पेजच? एक खुलासा

दाढा आल्याशिवाय बाळाला घट्ट अन्न दिले तर ते घशात अडकते, हा समज कोकणातल्या अनेक घरांत अजूनही ऐकू येतो आणि वर्षाचे मूल गाळलेल्या पेजेवरच राहते. हा समज चुकीचा आहे. पहिल्या दाढा साधारण 13 ते 19 महिन्यांत येतात. मऊ अन्न मात्र हिरड्यांनीही चिरडले जाते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार 12 महिन्यांची बहुतेक मुले घरचेच जेवण खाऊ शकतात. घावनाचा तुकडा, उकडलेले रताळे, काटे नीट काढलेला मासा बाळाला स्वतः उचलू द्यावा; सांडलवंड होणारच. उबळ येऊन खोकणारे बाळ बहुधा स्वतःच सावरते. आवाजच न फुटणे हे खरे संकट. म्हणून बाळाला बसवूनच खाऊ द्यावे, जवळ थांबावे आणि अख्खे काजू, शेंगदाणे 5 वर्षांपर्यंत टाळावेत.