जुन्या रेकॉर्ड प्लेअरचा आवाज का बिघडतो?

माळ्यावरून उतरवलेला १९६०-७० च्या दशकांतला रेकॉर्ड प्लेअर सुरू केला, की तो बहुतेक वेळा वाजतो, पण गाणे ओळखू येईल इतपतच. स्वर पातळ झालेले असतात, ‘स’ आणि ‘श’ चरचरतात आणि मागे एकसारखी घरघर ऐकू येते. अशा वेळी सर्वांत आधी लाउडस्पीकरवर संशय घेतला जातो, आणि माझ्या मते तो बहुधा चुकीचा असतो. स्पीकर हा ध्वनीच्या वाटेवरचा शेवटचा टप्पा आहे. शोध सुरुवातीपासून, म्हणजे खाचेत टेकणाऱ्या सुईपासून घेतलेला बरा.

त्या काळच्या अनेक प्लेअरमध्ये एकाच कार्ट्रिजला, म्हणजे सुईच्या कंपनांचे विजेच्या संकेतात रूपांतर करणाऱ्या भागाला, दोन सुया असत आणि छोटी कळ फिरवून हवी ती खाली आणता येई. लाँग प्ले, म्हणजे मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या, तबकडीच्या सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण २५ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) असते, तर मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीसाठी ती ६५ ते ७५ मायक्रॉन लागते. बालगंधर्वांची ७८ ची तबकडी बारीक सुईने वाजवली, तर सुई खाचेच्या भिंतींना न टेकता तळाशी साचलेल्या धुळीत घासत जाते आणि गाण्यापेक्षा खरखरच जास्त ऐकू येते. उलट, जाड सुई लाँग प्लेच्या खाचेत नीट बसतच नाही. कळ योग्य बाजूला असूनही आवाज चरचरत असेल, तर सुई झिजलेली असण्याचा संभव मोठा. झिजलेल्या टोकाला धार येते आणि ती खाचेच्या भिंती कोरत जाते. म्हणून जपून ठेवलेली तबकडी चाचणीसाठी कधीही लावू नये. आणखी एक काळजी तबकडी पुसताना घ्यावी: ७८ च्या बहुतेक तबकड्या लाखेपासून बनवलेल्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते.

सुई बदलूनही आवाज क्षीण राहिला, तर कार्ट्रिजकडे पाहावे. काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांत विद्युतदाब निर्माण होतो, हे झाक आणि पियर क्यूरी या भावांनी १८८० मध्ये दाखवून दिले. जुन्या स्वस्त कार्ट्रिजमध्ये याच गुणासाठी रोशेल सॉल्ट नावाच्या क्षाराचा स्फटिक वापरत. त्याचा संकेत चांगला जोरकस असे, पण हा क्षार पाण्यात विरघळणारा, आणि सुमारे ५५ अंश सेल्सियसला तो वितळू लागतो. मुंबई-कोकणातले अनेक पावसाळे आणि पत्र्याखालचे उन्हाळे काढलेला स्फटिक निकामी झाला असेल, तर त्यात आश्चर्य नाही. तो दुरुस्त होत नाही. त्याच्या जागी सिरॅमिक कार्ट्रिज बसवावे लागते. त्याचा संकेत काहीसा कमी असतो, मात्र ते दमट हवेत टिकते.

येथे एक चूक वारंवार घडते. हे कार्ट्रिज थेट आधुनिक अँप्लिफायरला जोडले, की खर्ज नाहीसा होतो आणि दोष कार्ट्रिजला दिला जातो. खरे कारण असे, की विजेच्या दृष्टीने हे कार्ट्रिज म्हणजे एक लहानसा कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा घटक, असतो, आणि त्याच्यापुढे एक-दोन मेगओहम इतका मोठा रोध असला तरच खालचे स्वर पुढे जातात. आधुनिक अँप्लिफायरचा रोध अनेकदा काही दशसहस्र ओहमच असतो.

स्वर डळमळत असतील, तर दोष फिरण्यात आहे. थाळीच्या कडेवर कागदाची खूण चिकटवून फेऱ्या मोजाव्यात. ३३⅓ च्या गतीला तीन मिनिटांत बरोबर १०० फेऱ्या व्हायला हव्यात. दर १.८ सेकंदांनी स्वर वर-खाली होत असेल, तर तबकडीचे छिद्र मध्यापासून ढळलेले असू शकते. त्याहून जलद धपधप ऐकू आली, तर मोटर आणि थाळी यांमधले रबरी चाक तपासावे, कारण वर्षानुवर्षे एकाच जागी दाबून राहिल्याने ते चपटे होते. अमेरिकेतून आणलेल्या प्लेअरची गोष्ट वेगळी आहे. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, विजेची वारंवारता नव्हे, आणि मोटरची गती या वारंवारतेवर ठरते. ६० हर्ट्झसाठी बनवलेली मोटर आपल्या ५० हर्ट्झवर ३३⅓ ऐवजी सुमारे २७.८ फेऱ्या देते, आणि काळी चारमध्ये गायलेले गाणे साधारण पांढरी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या तीन पट्ट्या खाली, ऐकू येते.

घरघरीचा उगम शोधण्यासाठी सुई उचलून आवाजाचे बटण शून्यावर आणावे. घरघर थांबली, तर कार्ट्रिजपासून येणारी तार किंवा तिची अर्थिंगची (जमिनीशी असलेली) जोडणी पाहावी. तशीच राहिली, तर वीजपुरवठ्यातला जुना कपॅसिटर वाळला असण्याची शक्यता अधिक. यापुढचे काम जाणत्या कारागिराकडे सोपवावे, असे मी आग्रहाने सांगतो. व्हॉल्व्हच्या (काचेच्या इलेक्ट्रॉनिक नळ्यांच्या) प्लेअरमध्ये शेकडो व्होल्ट खेळत असतात, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये विद्युतभार उरू शकतो, आणि काही प्लेअरची धातूची चौकट थेट घरच्या विजेला जोडलेली असते.

सगळे दुरुस्त झाल्यावरही लाँग प्लेच्या एका बाजूचे शेवटचे गाणे पहिल्याहून थोडे कर्कश वाटेल. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, आणि मध्याजवळ जेमतेम २१. तेवढ्याच स्वरासाठी तिथे जागा निम्म्याहून कमी उरते, लाटा दाटतात आणि गोल टोकाच्या सुईला त्यांची वळणे पुरती घेता येत नाहीत.