वायफाय पूर्ण, तरी नेट चालेना

मोबाईलवर वायफायची खूण पूर्ण भरलेली दिसते, आणि व्हिडिओ मात्र गोल गोल फिरत राहतो. ती खूण एवढंच सांगते की राउटरचा सिग्नल फोनपर्यंत जोरात पोहोचतोय. हवेत इतर वायफायची गर्दी किती आहे, राउटरला बाहेरून नेट मिळतंय का, यातलं काहीही तिला ठाऊक नसतं. म्हणून दुरुस्तीची सुरुवात फोनपासून करू नका. बाहेरून राउटरपर्यंत एक आणि राउटरपासून फोनपर्यंत दुसरा, असे रस्त्याचे दोन तुकडे करा आणि आधी पहिला तपासा.

बाहेरची फायबर लाइन ज्यात येते त्या डब्यावर ‘पॉन’चा, म्हणजे कंपनीशी जोडणी झाल्याचा, दिवा हिरवा आणि स्थिर हवा. ‘एलओएस’चा (सिग्नल तुटल्याचा) दिवा लाल लुकलुकत असेल तर डब्यापर्यंत प्रकाशच येत नाहीये. मग सेटिंग कितीही बदला, उपयोग नाही. तक्रार नोंदवण्याआधी ती बारीक केबल कपाटामागे चेपली किंवा दुमडली गेली नाही ना, एवढं बघा. काचेच्या तंतूला घट्ट वळण पडलं की प्रकाश तिथूनच बाहेर निसटतो.

दिवे ठीक असतील तर लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा, घरातली बाकीची उपकरणं थोडा वेळ बंद ठेवा आणि स्पीड टेस्ट घ्या. केबलवर पूर्ण वेग मिळाला तर दोष हवेतला, म्हणजे वायफायचा. प्लॅन २०० एमबीपीएसचा आणि आकडा मात्र ९४-९५ च्या पुढे सरकत नसेल, तर केबल बदलून बघा. तिच्यात आठ तारा असतात. १०० एमबीपीएसला चार पुरतात, गिगाबिटला (१००० एमबीपीएसला) आठही लागतात. टोकाच्या जॅकमध्ये एक तार नीट बसलेली नसली तरी पोर्ट निमूटपणे १०० वर उतरतो. काही स्वस्त राउटरचे पोर्टच १०० चे असतात, तेही तपासून घ्या.

आता दुसरा तुकडा, हवेतला. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरींच्या पट्ट्यात आपल्याकडे १३ चॅनेल, म्हणजे बोलण्याच्या वाटा, दिसतात, पण शेजारच्या दोन चॅनेलांत अंतर फक्त ५ मेगाहर्ट्झ आणि प्रत्येक सिग्नलची रुंदी २०. त्यामुळे एकमेकांना न लागणारे म्हणून सर्रास तीनच वापरले जातात: १, ६ आणि ११. सोसायटीत वीस-पंचवीस राउटर असले की कुणीतरी ‘रिकामं दिसतंय’ म्हणून ३ निवडतो, आणि १ व ६ या दोघांनाही त्रास होतो. एकाच चॅनेलवरचे राउटर एकमेकांचं बोलणं ओळखून आळीपाळीने बोलतात. अर्धवट आड आलेला सिग्नल मात्र नुसता गोंगाट ठरतो. म्हणून गर्दी असली तरी १, ६, ११ पैकीच एक घ्या आणि रुंदी ४० ऐवजी २० ठेवा. ‘ऑटो’वर ठेवलेले बरेच राउटर चॅनेल फक्त सुरू होताना निवडतात. बंद करून चालू केल्यावर कधी कधी फरक पडतो, त्याचं हे एक कारण.

फोन, टीव्ही, लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर न्या. या लहरी आरसीसीच्या भिंतीत लवकर विरतात, पण त्यामुळेच शेजाऱ्यांचा त्रासही कमी. इथे ३६ ते ४८ चॅनेल सुरक्षित. ५२ ते १४४ मधली बरीचशी चॅनेल रडारसोबत वाटून घ्यायची असतात. रडारची चाहूल लागली की राउटरला ती सोडावी लागतात आणि अशा दुसऱ्या चॅनेलवर जायचं तर निदान ६० सेकंद नुसतं ऐकावं लागतं. विमानतळाजवळच्या घरात ५ गिगाहर्ट्झ मधूनच गायब होत असेल तर आधी हेच बघा. स्मार्ट बल्ब आणि जुने प्रिंटर बहुधा २.४ वरच चालतात, म्हणून तो पट्टा बंद करू नका.

लांबच्या खोलीसाठी वायफाय अॅनालायझर अॅपमधला डीबीएमचा, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचा, आकडा वाचा. तो उणे असतो; शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल जोरात. उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ७५ नंतर अडखळायला लागतो. आकडा १० ने घसरला म्हणजे ताकद एक दशांश झाली. राउटरची पॉवर वाढवून फारसं साधत नाही, कारण फोनचा ट्रान्समीटर दुबळा असतो. त्याला राउटर ऐकू येतो, पण त्याचं उत्तर परत पोहोचत नाही. त्यापेक्षा राउटर हलवा. लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी यांच्या आडून काढून घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीला ठेवा. अँटेना उभी ठेवली की सिग्नल आडवा पसरतो. टोकाच्या दिशेने तो सर्वांत कमी जातो, म्हणून टोक खोलीकडे रोखू नका.

रिपीटर, म्हणजे सिग्नल पकडून पुढे पाठवणारा डबा, लावायचाच तर सिग्नल न पोहोचणाऱ्या खोलीत नको, अर्ध्या वाटेवर लावा. एकाच पट्ट्यावर ऐकणारा आणि बोलणारा रिपीटर वेग साधारण निम्मा करतो. जमत असेल तर केबल ओढून दुसरा राउटर ‘अॅक्सेस पॉइंट’ मोडवर (फक्त वायफाय पसरवण्यापुरता) लावा आणि त्याचं डीएचसीपी, म्हणजे उपकरणांना नेटवर्कचे पत्ते वाटायचं काम, बंद ठेवा, नाहीतर दोन राउटर वेगवेगळे पत्ते वाटत बसतील.

राउटर आपोआप रीस्टार्ट होत असेल तर अॅडॅप्टर तपासा. राउटरच्या खालच्या लेबलवर १२ व्होल्ट, १.५ अँपिअर लिहिलं असेल तर १ अँपिअरचा अॅडॅप्टर लोड वाढताच कोलमडतो. बदली अॅडॅप्टर घेताना व्होल्ट आणि पिनची धन-ऋण बाजू तीच हवी. अँपिअर जास्त असले तरी चालतात.